खाऱ्या हवेतला स्मार्टफोन : निवड आणि निगा

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत उत्तनच्या दिशेने जाते, तेव्हा मिठागरांचा प्रदेश संपून हळूहळू समुद्राचा वास येऊ लागतो. उत्तनच्या शेजारचे पाली हे मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील मच्छीमारांचे गाव. महानगराच्या इतके जवळ असूनही येथील दिवस अजून भरती-ओहोटीच्या वेळांनी ठरतो. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात, जाळी विणली जातात आणि नौका बंदराला लागण्याच्या वेळी किनाऱ्यावर गर्दी होते. या गर्दीत आता प्रत्येकाच्या हाती एक वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे स्मार्टफोन.

शहरातील नोकरदारासाठी मोबाइल बिघडणे ही गैरसोय असते. पालीसारख्या गावात त्याचे परिणाम अधिक दूरवर पोहोचतात. हवामानाचा इशारा त्याच पडद्यावर येतो, बाजारातील भाव त्यावरच कळतो, मासळीचे पैसे त्यावरच जमा होतात आणि मुलांचा अभ्यासही त्यावरच चालतो. अशा कुटुंबासाठी पंधरा हजारांचा फोन ही चैन नसून ते कामाचे अवजार आहे. अवजार विकत घेताना जो विचार केला जातो तो फोन घेताना मात्र सहसा होत नाही. जाहिरातीतील मेगापिक्सेल आणि सणासुदीची सवलत यांवरच खरेदी उरकली जाते. परवडणारा आणि सर्व कामांना पुरेसा पडणारा स्मार्टफोन कसा निवडावा आणि तो अधिकाधिक वर्षे कसा वापरावा, याचा हा आढावा.

मासेमारी आणि मोबाइल

भारतात मोबाइल दूरध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या काळी येणाऱ्या फोनचेही पैसे मोजावे लागत. इनकमिंग मोफत झाले ते २००३ मध्ये. त्याच वर्षी बाजारात आलेल्या नोकिया ११०० या साध्या हँडसेटने धूळरोधक कळफलक आणि विजेरी यांच्या बळावर देशातील खेडोपाडी जागा मिळवली. त्याला छायाचित्रे काढता येत नसत, पण तो ज्या हवेत आणि ज्या हातांत वापरला जाणार, त्याचा विचार करून तो घडवला गेला होता. स्वस्त फोन पारखताना आजही हीच कसोटी उपयोगी ठरते.

मोबाइलमुळे मच्छीमाराच्या मिळकतीत काय फरक पडतो, याचा गाजलेला अभ्यास केरळमधील आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील तारलीच्या बाजाराची १९९७ ते २००१ या काळातील माहिती गोळा केली आणि २००७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोबाइल येण्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नसल्याने मासळी समुद्रात फेकली जाई, तर जवळच्याच दुसऱ्या बंदरावर तिचा तुटवडा असे. मोबाइल आल्यावर मच्छीमार किनाऱ्याला लागण्यापूर्वीच भाव विचारू लागले. वाया जाणारी मासळी जवळपास थांबली, बंदराबंदरांतील भावांची तफावत कमी झाली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळू लागली. हे सारे साध्या, केवळ बोलण्याच्या मोबाइलवर घडले, हे विशेष. फोन महाग असण्यापेक्षा तो ऐन वेळी चालू असणे महत्त्वाचे असते, असा याचा अर्थ.

किंमत वर्षांत मोजावी

देशात स्वस्त स्मार्टफोनचे युग खऱ्या अर्थाने २०१४ मध्ये सुरू झाले. मोटोरोलाचा मोटो जी, मोटो ई, शाओमीचे भारतातील आगमन आणि गुगलच्या पुढाकाराने मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस यांनी आणलेले अँड्रॉइड वन फोन ही सारी त्याच वर्षातील घटना. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटाचे दर कोसळले आणि स्मार्टफोन घराघरांत पोहोचला. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यामुळे फोनच्या किमतीतील मोठा वाटा करापोटीच जातो.

दुकानातील किमतीच्या पाटीवरून मात्र फोन स्वस्त की महाग हे कळत नाही. त्यासाठी एक सोपा हिशेब मांडता येतो. समजा, ९ हजार रुपयांचा फोन दोन वर्षांत निकामी झाला, तर तो वर्षाला साडेचार हजार रुपयांना पडला. १५ हजारांच्या फोनला चौथ्या वर्षी दीड हजाराची नवी बॅटरी बसवून तो पाच वर्षे चालवला, तर एकूण खर्च साडेसोळा हजार, म्हणजे वर्षाला ३,३०० रुपये. दुसरा फोन खिशाला हलका ठरतो. हप्त्याने खरेदी करतानाही प्रक्रिया शुल्क आणि सोडून द्यावी लागणारी रोख सवलत धरून एकूण किती रक्कम जाते, ते लिहून काढावे. ‘बिनव्याजी’ हा शब्द पुरेसा नाही.

फोनचे आयुष्य मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात. एक बॅटरी आणि दुसरी सुरक्षा अद्यतने. पहिली बदलता येते, दुसरी विकत मिळत नाही. म्हणून निवडीची सुरुवात दुसरीपासून करणे योग्य.

अद्यतनांची मुदत

मोबाइलमधील प्रणालीत वेळोवेळी त्रुटी सापडतात आणि कंपनी त्या दुरुस्त करून फोनवर पाठवते. ही दुरुस्ती बंद झाली की फोन वरकरणी पूर्वीसारखाच चालतो, पण चोरट्यांसाठी त्याचे दार किलकिले राहते. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत हा धोका पत्करण्यासारखा नाही.

अद्यतने दोन प्रकारची असतात. अँड्रॉइडची नवी आवृत्ती किती वर्षे मिळणार आणि सुरक्षा दुरुस्ती किती वर्षे मिळणार, हे दोन्ही आकडे वेगवेगळे विचारावेत. पेटीवर ते बहुधा नसतात. कंपनीच्या संकेतस्थळावर मात्र पाहता येतात. मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, ग्राहकाने घेतल्यापासून नव्हे. त्यामुळे दीड वर्ष जुने मॉडेल सवलतीत मिळत असेल, तर त्याच्या आयुष्यातील दीड वर्ष आधीच सरलेले असते.

स्वस्त फोनला अद्यतने मिळत नाहीत, हा समज आता सर्वस्वी खरा राहिलेला नाही. सॅमसंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात आणलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या फोनची किंमत सुरुवातीला १८,९९९ रुपये होती आणि त्याला सहा वर्षांच्या अद्यतनांचे आश्वासन देण्यात आले होते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनसाठी बॅटरीच्या टिकाऊपणाचे, सुट्या भागांचे आणि किमान पाच वर्षांच्या अद्यतनांचे नियम लागू केले. हे नियम युरोपपुरतेच असले, तरी कोणत्या गोष्टी विचारायच्या, हे भारतीय ग्राहकालाही त्यातून कळते.

बॅटरी, मेमरी आणि पडदा

या किमतीच्या फोनमध्ये ५ हजार एमएएचची बॅटरी आता सर्रास मिळते. त्यापेक्षा कमी क्षमतेचा फोन दिवसभर घराबाहेर राहणाऱ्याने टाळावा. लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक झिजते. युरोपीय नियमानुसार ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यानंतरही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. रोज एक पूर्ण चार्ज धरला, तर हा काळ सुमारे दोन वर्षे दोन महिने होतो. म्हणजे तिसऱ्या वर्षी बॅटरी थकल्यासारखी वाटणे हा दोष नसून तो तिचा धर्म आहे. अशा वेळी नवा फोन घेण्याऐवजी नवी बॅटरी घालणे शहाणपणाचे.

साठवणीची जागा १२८ जीबीपेक्षा कमी नसावी. कुटुंबाचे व्हॉट्सॲप समूह, छायाचित्रे आणि चित्रफिती वर्षभरात ६४ जीबी सहज भरून टाकतात. जागा भरलेला फोन मंदावतो. रॅम ६ जीबी असावी, ८ असल्यास उत्तम. चार जीबीचा फोन पहिल्या वर्षी चालतो, तिसऱ्या वर्षी अडखळतो. ‘आभासी रॅम’ म्हणून जाहिरातीत जी बेरीज करून दाखवतात, ती साठवणीच्या जागेतूनच उसनी घेतलेली असते. तिचा वेग खऱ्या रॅमएवढा नसतो. साठवण ‘ईएमएमसी’ प्रकारची आहे की ‘यूएफएस’, हेही विचारावे. दुसरा प्रकार वेगवान असून फोन जुना झाल्यावर हा फरक अधिक जाणवतो.

पडदा पाहताना दुकानातील दिव्यांवर विसंबून राहू नये. फोन दुकानाच्या दारापर्यंत आणून उन्हात धरावा. भर दुपारी नौकेवर किंवा मासळीच्या बाजारात ज्याला पडदा वाचायचा आहे, त्याच्यासाठी रंगांपेक्षा उजेड महत्त्वाचा. हा उजेड ‘निट्स’ या एककात सांगतात. आकडा जितका मोठा तितका पडदा उन्हात स्पष्ट.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर मागे तीन वर्तुळे असली म्हणजे तीन चांगले कॅमेरे असतात, असे नाही. या किमतीत बहुधा एकच कॅमेरा कामाचा असतो आणि दोन मेगापिक्सेलचे जोडकॅमेरे शोभेपुरते. हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी ‘ओआयएस’ ही सोय असेल, तर ती अधिक उपयोगी.

रेंज आधी, ५जी नंतर

देशात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. नवा फोन चार-पाच वर्षे वापरायचा असेल, तर तो ५जी असणे इष्ट. पण त्याहून आधी पाहायची गोष्ट म्हणजे आपल्या घरात आणि आपल्या कामाच्या जागी कोणत्या कंपनीची रेंज येते. टेकडीच्या आडोशाला, जाड भिंतींच्या घरात आणि जेट्टीवर एकाच कंपनीचे सिग्नल सारखे नसतात. नवे सिम घेण्यापूर्वी शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा फोन घेऊन या तिन्ही ठिकाणी तपासून पाहावे.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम बाळगणे उपयुक्त. येथे एक बारीक गोम आहे. अनेक स्वस्त फोनमध्ये दुसऱ्या सिमची आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. कार्ड घातले की दुसरे सिम काढावे लागते. दोन्ही हवे असतील, तर स्वतंत्र खाचा असलेला फोन निवडावा. जिओचे ५जी जाळे ‘स्टँडअलोन’ प्रकारचे आहे, म्हणून फोनला त्या पद्धतीचा आधार आहे की नाही, याची खात्री करावी.

समुद्रावर फोन काय करतो, काय करत नाही

किनाऱ्यापासून काही किलोमीटर दूर गेल्यावर मोबाइलची रेंज संपते. तांडेल आणि खलाशी यांना हे वेगळे सांगायला नको. पण रेंज संपली म्हणजे फोन निरुपयोगी झाला, असे नाही. फोनमधील जीपीएस ग्राहक उपग्रहांचे संकेत थेट घेतो, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवण्यासाठी. म्हणून घरी असतानाच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, तर रेंज नसतानाही नौका कोठे आहे, हे दिसते. मात्र रस्त्यांचा नकाशा म्हणजे सागरी नकाशा नव्हे. खडक, उथळ भाग आणि जहाजांचे मार्ग त्यात नसतात.

स्वस्त फोनमध्ये खर्च वाचवण्यासाठी होकायंत्राचा संवेदक, म्हणजे मॅग्नेटोमीटर, अनेकदा गाळलेला असतो. तो नसेल तर स्थिर उभ्या माणसाला नकाशा दिशा दाखवू शकत नाही. तांत्रिक माहितीच्या यादीत हा शब्द शोधावा. इस्रोच्या ‘नाविक’ प्रणालीचा आधार असलेले स्वस्त फोन २०२० पासून भारतात मिळू लागले. तो उल्लेख असणे ही जमेची बाजू, पण केवळ त्यावर निवड ठरवू नये. स्थान निश्चित करताना फोन अनेक देशांच्या उपग्रहांचे संकेत एकत्र घेत असतो.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, अर्थात ‘इन्कॉइस’, ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण उपग्रहांद्वारे पाहून मासळी कोठे असण्याची शक्यता आहे, याचे अंदाज स्थानिक भाषांतून देते. उंच लाटांचे इशारेही तीच देते. निघण्यापूर्वी हे इशारे पाहणे हा स्मार्टफोनचा सर्वांत मोलाचा उपयोग म्हणता येईल.

मात्र संकटकाळी केवळ मोबाइलवर भिस्त ठेवणे जिवावर बेतू शकते. खोल समुद्रासाठी व्हीएचएफ संच, संकटसंदेश देणारी यंत्रे आणि ट्रान्सपाँडर हीच खरी साधने. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते नौका संपर्क व साहाय्य प्रणालीचा देशव्यापी प्रारंभ झाला. तिच्यात एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याचे ठरले. इस्रोच्या तंत्रावर आधारलेले हे यंत्र ‘नभमित्र’ या ॲपद्वारे मोबाइलला जोडता येते आणि रेंज नसतानाही उपग्रहामार्फत संदेशांची देवाणघेवाण होऊ शकते. येथे फोन हा केवळ पडदा असतो, संदेश वाहून नेतो तो ट्रान्सपाँडर. रेंजमध्ये असताना तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये असावा.

पाणी आणि मीठ

जलरोधाविषयी ग्राहकांचा मोठा गैरसमज आढळतो. ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. दुसरा आकडा ४ असेल तर शिंतोडे, ५ असेल तर पाण्याची धार, ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, अशी ती श्रेणी आहे. स्वस्त फोन बहुधा आयपी ५४ किंवा आयपी ६४ एवढ्यावर थांबतात. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात, हे लक्षात ठेवण्यासारखे. खारे पाणी धातूला गंज आणते आणि विजेचे उत्तम वाहक असते. शिवाय पाणी शिरून झालेला बिघाड बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, मग पेटीवर आयपीचा आकडा कितीही मोठा असो.

किनाऱ्यावर फोन पाण्यात पडलाच पाहिजे असे नाही. खारा वारा आणि दमट हवा चार्जिंग पोर्टमध्ये थर साचवतात आणि काही महिन्यांत चार्जिंग नीट होईनासे होते. यावर उपाय साधे आहेत. नौकेवर किंवा मासळी वाळवताना फोन जलरोधक पारदर्शक पिशवीत ठेवावा. पिशवीतूनही पडदा चालतो. घरी आल्यावर गोड्या पाण्यात किंचित ओलवलेल्या कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. कव्हर आठवड्यातून एकदा काढून स्वच्छ करावे, कारण खाऱ्या पाण्याचे थेंब त्याच्याच आत अडकून राहतात.

फोन समुद्राच्या पाण्यात पडला, तर तो तत्काळ बंद करावा, सिम काढावे आणि कोणत्याही परिस्थितीत चार्जिंगला लावू नये. ओल्या फोनमधून वीज वाहिली की बिघाड कायमचा होतो. तांदळात फोन पुरून ठेवण्याचा उपाय लोकप्रिय असला, तरी त्यातील पीठ आणि कण पोर्टमध्ये जातात आणि आतले मीठ तसेच राहते. फोन शक्य तितक्या लवकर जाणकार दुरुस्तीवाल्याकडे नेणे, हाच मार्ग.

ओल्या हाताने पडदा नीट चालत नाही, याचे कारणही हेच. पडदा बोटाच्या विद्युतभाराने स्पर्श ओळखतो आणि खाऱ्या पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच भासतो. मासळी साफ करणाऱ्या महिलांच्या बोटांवर सतत पाण्याने सुरकुत्या आणि काट्यांनी चरे पडतात. अशा हातांचा अंगठा बोटाचा ठसा ओळखणारा संवेदक नाकारतो. ठशाबरोबर सहा आकडी पिन ठेवणे म्हणूनच आवश्यक.

चार्जिंगच्या सवयी

बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. उन्हात ठेवलेल्या फोनला चार्जिंगला लावणे, उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज करणे, चार्जिंग चालू असताना चित्रफिती पाहणे या तिन्ही सवयी टाळाव्यात. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान चार्ज ठेवल्यास बॅटरी अधिक टिकते. अनेक फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती सुरू करावी. चार्जर कंपनीचा किंवा भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेला घ्यावा. पेटीत चार्जर आहे की नाही, हेही आता विचारून घ्यावे लागते. काही कंपन्यांनी तो देणे बंद केले आहे.

पैशांचे व्यवहार

युपीआय प्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली आणि आज कोळिणीच्या टोपलीशेजारीही क्यूआर कोडची पाटी दिसते. या व्यवहारांतील एक नियम घरातील प्रत्येकाला पाठ असावा : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. ‘पैसे पाठवले आहेत, पिन टाका’ असे कोणी सांगितले, तर ती फसवणूकच समजावी. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर विश्वास न ठेवता आपल्या फोनवर बँकेचा संदेश आला का, ते पाहावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

नवा फोन हाती आल्यावर पहिल्याच दिवशी चार कामे उरकावीत. पडद्याला आणि सिमला पिन लावणे, हरवलेला फोन शोधण्याची सोय सुरू करणे, छायाचित्रे व क्रमांक यांची प्रत आपोआप जतन होईल अशी व्यवस्था करणे आणि स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही कळ दाबून दिसणारा १५ आकडी आयएमईआय क्रमांक बिलावर लिहून ठेवणे.

फोन हरवल्यास

हरवलेल्या फोनची तक्रार पोलिसांत नोंदवून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक दिल्यास तो फोन देशभरातील सर्व नेटवर्कवर बंद करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर उपलब्ध झाली. फोन सापडल्यावर तेथूनच तो पुन्हा सुरूही करता येतो. मात्र त्याआधी सिम बंद करणे आणि बँकेला कळवणे अधिक निकडीचे.

जुना फोन विकत घेताना याच प्रणालीचा उपयोग होतो. ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे आयएमईआय क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवल्यास तो फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, हे कळते. मूळ बिल मागावे आणि आधीच्या मालकाचे गुगल खाते आपल्यासमोर काढून घ्यावे. ते राहिले तर फोन कुलूपबंद होऊ शकतो. दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार आयएमईआय क्रमांकाशी छेडछाड करणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुरुस्ती आणि निरोप

खरेदीपूर्वी विचारायचा आणखी एक प्रश्न म्हणजे सेवा केंद्र कोठे आहे. पालीहून भाईंदर वा मीरा रोडला जाणे-येणे म्हणजे अर्धा दिवस. त्याहून दूर जावे लागले, तर दिवसाचा रोजगार बुडतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. तेथे अनेक कंपन्यांची सेवा केंद्रे आणि दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र मिळते. पडदा आणि बॅटरी बदलण्याचा खर्च फोन घेण्यापूर्वीच विचारावा. पडद्याची किंमत फोनच्या निम्म्यावर जात असेल, तर पुन्हा विचार करावा.

सुरक्षा अद्यतने थांबलेल्या फोनवरून बँकेची ॲप काढून टाकावीत. असा फोन विजेरी, रेडिओ किंवा मुलांच्या अभ्यासासाठी आणखी काही काळ वापरता येतो. तो पूर्णपणे निकामी झाल्यावर भंगारवाल्याला देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांवर पुनर्वापराची जबाबदारी आहे. अधिकृत संकलन केंद्रातच तो जमा करावा. बॅटरी कचऱ्यात टाकल्यास आग लागण्याचा धोका असतो.

वर्षातून एकदा तपासणी

१ जून ते ३१ जुलै हा राज्यातील यांत्रिकी मासेमारीच्या बंदीचा काळ. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, तळ खरवडून रंग दिला जातो, जाळी दुरुस्त होतात. याच दोन महिन्यांत एक दुपार फोनसाठी राखून ठेवल्यास पुढचे वर्ष निर्धास्त जाते. चार्जिंग पोर्ट साफ करून घेणे, बॅटरी दिवसभर टिकते का ते पाहणे, शेवटची सुरक्षा दुरुस्ती कोणत्या महिन्याची आहे ते सेटिंगमध्ये तपासणे, नको असलेल्या चित्रफिती काढून जागा मोकळी करणे, महत्त्वाच्या क्रमांकांची कागदावर एक यादी करून घरात आणि नौकेवर ठेवणे, एवढेच हे काम आहे. नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा समुद्रात उतरतील, तेव्हा तांडेलाच्या खिशातील फोनही त्यांच्याइतकाच सज्ज असावा.